बार उडाला, तरी जबाबदारी संपत नाही!

*शिकारीचा काळ सरला. पण जखमी करून रानात सोडून दिलेल्या जनावराचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र संपलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी तो बंदूकवाल्या शिकाऱ्यापुढे होता; आज तो शेताला तार लावणाऱ्यापुढे आणि महामार्गावरून गाडी हाकणाऱ्यापुढेही आहे.*

१९०७ साली कुमाऊँच्या डोंगरात, चंपावत गावाजवळ एक वाघीण मारली गेली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. नेपाळात सुमारे दोनशे माणसे मारल्यावर तिथल्या सशस्त्र लोकांनी तिला हुसकून लावले. ती सीमा ओलांडून कुमाऊँत आली आणि पुढच्या चार वर्षांत तिने इकडेही दोनशेहून अधिक माणसे मारली. तिला मारणारे होते जिम कॉर्बेट. त्या वेळी बिहारमधल्या मोकामा घाट येथे ते रेल्वेच्या मालाची चढउतार सांभाळत होते. नरभक्षक मारण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

वाघीण पडल्यावर कॉर्बेट यांनी तिचा जबडा तपासला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे, दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा राहिला होता, खालचा पार हाडापर्यंत गेला होता. ही इजा बंदुकीच्या गोळीची होती. कोणीतरी, केव्हातरी तिच्यावर बार टाकला होता. गोळी जबड्याला लागली. वाघीण पळाली. बार टाकणारा आपल्या घरी गेला. त्याचे नाव आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही. त्याने तिचा माग काढला असता आणि तिला तिथेच संपवले असते, तर ती कदाचित मनुष्यवधाकडे वळलीच नसती.

हे बळी कोणाचे होते? गवत कापायला गेलेल्या बायकांचे, गुरांसाठी बांजाचा पाला काढणाऱ्या सुनांचे, सरपण गोळा करणाऱ्या मुलींचे. कॉर्बेट पाली नावाच्या गावात पोचले, तेव्हा पाच दिवस गावातले कोणी दाराबाहेर पडले नव्हते. एका बाईच्या डोळ्यांदेखत वाघिणीने तिच्या बहिणीला उचलून नेले होते. बहिणीला सोडवायला ती मागोमाग धावली आणि त्या धक्क्याने तिची वाचाच गेली. पुढे कॉर्बेट यांनी परतीच्या वाटेवर त्या वाघिणीचे कातडे तिच्यापुढे पसरले, तेव्हा तिला पुन्हा बोलता येऊ लागले, अशी हकिगत त्यांनी लिहून ठेवली आहे. एका बेफिकीर गोळीचा हिशेब असा दुसऱ्याच कोणीतरी चुकता केला!

वाघ माणसाच्या वाटेला का जातो?

कॉर्बेट यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. वाघ हा स्वभावतः माणसाचा वैरी नाही, हे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. वाघ नरभक्षक होतो तो परिस्थितीने. दहांपैकी नऊ वेळा ही परिस्थिती म्हणजे जखम आणि दहाव्या वेळी म्हातारपण, असे त्यांचे अनुभवाचे गणित होते. जखमेची कारणेही त्यांनी दोन सांगितली. एक, बेफिकीरपणे झाडलेली गोळी आणि त्यानंतर जखमी जनावराचा माग न काढणे. दुसरे कारण म्हणजे साळिंदर.

दुसऱ्या कारणाला माणूस जबाबदार नाही. मुक्तेश्वरच्या वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले होते. मोहानच्या वाघाच्या पायातही साळिंदराचे काटे सापडले. पण ठाकच्या वाघिणीची गोष्ट वेगळी. शारदा नदीच्या खोऱ्यातले ठाक हे गाव तिच्या दहशतीने अक्षरशः ओस पडले होते. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी मावळत्या उजेडात कॉर्बेट यांनी तिला मारले. त्यांनी केलेली नरभक्षकाची ती शेवटची शिकार. वाघिणीच्या अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा निघाल्या. त्यांतली एक चिघळलेली होती. म्हणजे पहिल्या शिकारीत जे दिसले, तेच एकतीस वर्षांनी शेवटच्या शिकारीतही दिसले!

एवढ्याशा जखमेने एवढ्या बलदंड जनावराचे असे काय बिघडते? वाघ सांबरासारखे मोठे जनावर मारतो, ते पुढच्या पायांच्या पकडीने आणि सुळ्यांच्या जोरावर. दबा धरायचा, थोड्या अंतरात झेप घ्यायची, पंजांनी ओढून खाली पाडायचे आणि नरडे किंवा मान धरायची. यातला एक दुवा जरी निखळला, तरी शिकार निसटते. सुळा तुटला तर पकड सुटते. खांदा जायबंदी झाला तर झेप कमी पडते. निरोगी वाघाचेसुद्धा बरेचसे प्रयत्न वाया जातात. जखमी वाघाला मग उपाशी राहायचे किंवा सोपे भक्ष्य शोधायचे, एवढेच उरते. रानात सर्वांत सावकाश चालणारा, नखे नसलेला, वाकून गवत कापताना मागे न पाहणारा प्राणी कोणता? माणूस.

हरणा-डुकराच्या जखमेचा असा सूड माणसावर उगवत नाही. म्हणून ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पोटात गोळी घेऊन गेलेले चितळ कुठल्याशा झाळीत दोन-दोन दिवस तडफडत मरते. पाय मोडलेले डुक्कर जखमेत अळ्या पडेपर्यंत फिरते. त्यांच्या यातना वाघापेक्षा कमी नसतात. फक्त त्यांची बातमी होत नाही.

नेम धरण्याआधीचे नियम

जुन्या, जाणत्या शिकाऱ्यांमध्ये काही नियम पाळले जात. ते कुठल्या सरकारने घातलेले नव्हते. बाप मुलाला किंवा गावचा मागकरी नव्या बंदूकवाल्याला ते शिकवी. त्या सगळ्यांचे सार एकच: गोळी अशी मारायची की दुसरी मारावी लागू नये, आणि तशी मारता येत नसेल, तर मारायचीच नाही.

जनावर पूर्ण दिसल्याशिवाय बार टाकायचा नाही. झुडूप हलले, पाला वाजला, काळोखात डोळे चमकले, एवढ्यावर घोडा ओढायचा नाही. जनावर आडवे उभे असताना, पुढच्या पायामागे, काळीज आणि फुप्फुसे असतात त्या जागी नेम धरायचा. पळत्या जनावरावर किंवा पाठमोऱ्या जनावरावर गोळी वाया घालवायची नाही. मोठ्या जनावरावर छर्रे झाडायचे नाहीत, कारण छर्ऱ्यांनी ते क्वचितच मरते. जायबंदी मात्र हमखास होते. अगदी तिन्हीसांजेला, माग काढायला उजेड उरणार नाही अशा वेळी तर बंदूक खाली ठेवलेलीच बरी. पिलांसोबतच्या मादीवर नेम धरायचा नाही, हे सांगायलाच नको.

न पाहता सोडलेल्या बाणाची गोष्ट आपल्याकडे घराघरात माहीत आहे. शरयूच्या काठी घडा बुडाल्याचा आवाज ऐकून दशरथाला वाटले, हत्ती पाणी पितो आहे. त्याने शब्दवेधी बाण सोडला. बाण लागला श्रावणाला. पण दशरथ तिथून पळून गेला नाही. तो त्या घायाळ मुलापाशी गेला, त्याचे शेवटचे शब्द ऐकले, आंधळ्या आईबापांकडे पाणी घेऊन गेला आणि त्यांचा शाप शिरावर घेतला. अपराध घडला तो घडलाच, पण त्याची जबाबदारी त्याने टाळली नाही. शिकारीच्या नीतीचे दोन्ही धडे या एका कथेत आहेत: न पाहता मारू नये, आणि मारल्यावर पाठ फिरवू नये.

चंपावतची मोहीम स्वीकारतानाही कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या होत्या. वाघिणीवर लावलेली बक्षिसे रद्द करावीत आणि इतर शिकाऱ्यांना रानातून परत बोलवावे. बक्षिसाच्या आशेने मारणाऱ्यांत आपली गणना व्हावी हे त्यांना रुचत नव्हते. शिवाय एकाच रानात अनेक बंदुका म्हणजे चुकून कोणाची तरी गोळी आपल्यालाच लागण्याचा धोका! पैशाचा लोभ आणि चढाओढ आली की घाई येते, आणि घाईत नेम चुकतो, हे तर कोणीही सांगेल.

रक्ताचा माग

खरी कसोटी लागे ती बार उडाल्यानंतर. जनावर जागेवर पडले नाही, तर नवखा माणूस त्याच्यामागे धावत सुटतो. जाणता शिकारी जागचा हलत नसे. गोळी लागली तेव्हा जनावर कुठे उभे होते, ते कसे उसळले, कोणत्या बाजूला गेले, कोणत्या झाडाआड दिसेनासे झाले, हे तो मनात पक्के करी. मग थांबे. लगेच पाठलाग केला तर घाबरलेले जनावर अंगातल्या उरल्यासुरल्या जोरावर कोसभर पळते. पाठलाग नसला तर ते जवळच्याच आडोशाला बसते, अंग आखडते आणि बहुधा तिथेच त्याचा शेवट होतो. छातीत गोळी असेल तर अर्धा तास, पोटात असेल तर काही तास थांबावे, असा रिवाज होता.

गोळी कुठे लागली हे रक्त सांगे. लालभडक, फेसाळ रक्त दिसले तर फुप्फुसाला लागले. जनावर फार लांब गेले नसणार. काळपट, दाट रक्त यकृताचे. रक्तात हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर गोळी पोटात. हा सर्वांत यातनेचा घाव आणि सर्वांत चिवट माग. थोडे रक्त आणि हाडाची कपची मिळाली तर पाय मोडलेला. गवताच्या पात्यावर रक्त किती उंचीवर पुसले गेले आहे, यावरून जखमेची उंची कळे. माग सुटला तर शेवटच्या थेंबापाशी खूण करून ठेवायची आणि तिथून वर्तुळात शोध घ्यायचा. अंधार पडला तर उजाडताच पुन्हा त्याच खुणेपासून सुरुवात करायची.

वाघ-बिबट्यासारख्या जनावराच्या मागावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. जखमी वाघ दाट झुडपात दबा धरून बसतो आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत हूं की चूं करत नाही. म्हणून माग काढणारा जमिनीकडे पाही आणि बंदूकवाला फक्त समोर पाही. दोघांनी एकाच वेळी खाली बघायचे नाही. एखादा माणूस झाडावर चढून पुढचे रान न्याहाळी. झुडपात दगड टाकून पाहिले जात. मध्य भारतात म्हशींचा कळप पुढे घालून जखमी वाघाचा ठाव लावत. म्हशींना वाघाचा वास आला की त्या फुरफुरत, शिंगे रोखून एकत्र उभ्या राहत.

या सगळ्यात सर्वांत मोठा नियम होता तो माणसांबद्दलचा. हाका करायला आलेल्या नि:शस्त्र गावकऱ्यांना जखमी वाघाच्या झाळीत पाठवायचे नाही. ज्याच्या गोळीने जखम केली त्यानेच पुढे जायचे. रोजंदारीवर आलेल्या गरिबाच्या जिवावर स्वतःची चूक निस्तरणारा शिकारी कितीही मोठ्या घराण्यातला असला, तरी मागकऱ्यांच्या नजरेतून तो उतरत असे.

तल्ला देसचा पाठलाग

हा नियम पाळणे काय असते, हे १९२९ सालच्या एप्रिल महिन्यात दिसले. नेपाळच्या सीमेलगतच्या तल्ला देस भागात एका वाघिणीने आठ वर्षांत दीडशे माणसे मारली होती. कॉर्बेट निघाले तेव्हा स्वतः आजारी होते. काही आठवड्यांपूर्वी कानाजवळ मोठ्या रायफलीचा बार झाल्याने त्यांच्या कानाचा पडदा दुखावला होता. आत गळू झाले होते, डोके आणि चेहऱ्याची एक बाजू सुजली होती, ऐकू येत नव्हते आणि एका डोळ्याने नीट दिसतही नव्हते.

वाघिणीची दोन मोठी झालेली पिले त्यांनी मारली. त्यांच्या गोळीने वाघीणही जखमी झाली, पण निसटली. आता आधीच माणसे मारणारी वाघीण जखमी होऊन डोंगरात फिरत होती. अशा प्रकृतीत कॉर्बेट परत फिरले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण जखम त्यांच्या हातची होती. त्यांनी दिवसामागून दिवस, कधी रक्ताच्या थेंबांवरून, कधी नुसत्या ठशांवरून तिचा माग काढला. एका रात्री झाडावर बसलेले असताना त्यांचे गळू फुटले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मागावर होतेच. अखेर त्यांनी तिला गाठले. तिच्या पुढच्या पायात साळिंदराचे वीसेक काटे निघाले. माणसे मारायला ती त्या दुखण्यानेच प्रवृत्त झाली होती.

मोहानच्या वाघाच्या वेळी वेगळाच पेच होता. तो वाघ त्यांना झोपलेला सापडला आणि तशाच अवस्थेत त्यांनी त्याच्यावर गोळी झाडली. झोपलेल्या जनावराला मारणे शिकाऱ्याच्या उमदेपणाला शोभते का, ही टोचणी त्यांना लागली आणि ती त्यांनी लपवलीही नाही. पण वाघाच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? त्याला भीती वाटली नाही, वेदना झाल्या नाहीत. शिकाऱ्याच्या मानापेक्षा जनावराच्या यातनेचा विचार आधी करायचा ठरवला, तर त्या गोळीत खोट काढता येत नाही.

बंदुका वाढल्या, नियम विरले

सगळेच शिकारी असे होते असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. संस्थानिकांच्या आणि गोऱ्या साहेबांच्या शिकारीत आकड्यांची हौस मोठी होती. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. असे आकडे गाठताना किती जनावरे जखमी होऊन निसटली, याची यादी कुठल्याच दरबाराने ठेवली नाही. स्वातंत्र्यानंतर जीप आली, प्रखर दिवे आले. रात्री रस्त्यावरून जायचे, डोळे चमकले की गोळी झाडायची आणि जनावर पडले नाही तर गाडी पुढे न्यायची. परदेशी पाहुण्यांना शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्याही निघाल्या. मागकरी, माग आणि थांबण्याचा संयम, सगळेच मागे पडले.

काहींनी मात्र वेळीच बंदूक ठेवली. वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी रात्रीच्या वाघांची छायाचित्रे टिपून १९२७ साली पुस्तक काढले. त्यांच्या उदाहरणाने कॉर्बेटही कॅमेऱ्याकडे वळले. १९३६ साली देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊँच्या पायथ्याशी स्थापन झाले. १९५७ पासून ते कॉर्बेट यांच्याच नावाने ओळखले जाते.

पुढे १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. हा कायदा मुळात परवाने देऊन काही प्रकारच्या शिकारीला मुभा देत होता. मात्र वाहनातून, रात्री, कृत्रिम प्रकाशात, विषाने किंवा फासे लावून शिकार करण्यास त्याने मनाई केली. परवानाधारकाने मारलेल्याच नव्हे, तर जखमी केलेल्या प्राण्याचीही खबर द्यावी, अशी तरतूद त्यात होती. जुन्या मागकऱ्यांचा नियमच जणू कायद्यात उतरला! १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही पद्धतच बंद झाली आणि हौसेखातर होणाऱ्या शिकारीला कायद्यात जागा उरली नाही. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ होते. गणनेच्या पद्धती आता बदलल्या असल्या, तरी २०२२ च्या गणनेनुसार त्यांची अंदाजे सरासरी संख्या ३,६८२ आहे.

ज्या देशांत शिकार आजही कायदेशीर आहे, तिथे या प्रश्नावर काटेकोर नियम आहेत. जर्मनीच्या शिकार कायद्यानुसार गोळीने जखमी झालेल्या जनावराला टाळता येण्याजोग्या यातना होऊ नयेत, म्हणून त्याला विनाविलंब मारणे बंधनकारक आहे. त्यासाठी रक्ताच्या वासावर माग काढणाऱ्या खास जातीच्या कुत्र्यांना शिकवून तयार केले जाते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांत जखमी होऊन हरवलेले जनावर मारलेल्यातच धरण्याचा आणि शिकाऱ्याकडून त्याचे पूर्ण पैसे घेण्याचा प्रघात आहे. खिशाला चाट बसणार म्हटल्यावर नेम आपोआप जपून धरला जातो!

शिकार बंद, पण जखमा चालूच

मग आपल्याकडे हा विषय संपला का? दुर्दैवाने नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि नीलगायींना मारण्याची परवानगी महाराष्ट्रासह काही राज्यांत विशिष्ट परिस्थितीत दिली जाते. रात्रभर राखण करूनही सकाळी लोळवलेले पीक पाहणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. प्रश्न आहे तो मारण्याच्या रीतीचा. बिहारमध्ये २०१६ साली नीलगायींना मारण्यासाठी बाहेरून बंदूकधारी बोलावले गेले. ही मोहीम झाली मोकामाच्या परिसरात. ज्या मोकामा घाटावर कॉर्बेट यांनी उमेदीची वर्षे काढली, तोच हा परिसर. पुढे २०१९ साली बिहारच्याच वैशाली जिल्ह्यात गोळी लागूनही जिवंत असलेल्या एका नीलगायीला यंत्राने खड्ड्यात लोटून तिच्यावर माती टाकल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. परवानगी मारण्याची होती, जिवंत पुरण्याची नव्हती. एक गोळी आणि एक क्षण थांबण्याची माणुसकी, एवढेच तिथे हवे होते.

दुसरी जखम फाशांची आणि सापळ्यांची. एप्रिल २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या शेजारच्या रानात चोरट्या शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात एका तरुण वाघाचा पुढचा पंजा अडकला. वाघ वाचला, पण पंजाची बोटे गमवावी लागली. ‘साहेबराव’ या नावाने ओळखला गेलेला हा वाघ पुन्हा रानात सोडण्याजोगा राहिला नाही. जानेवारी २०२० मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पंजा बसवला. शुद्धीवर येताच त्याने तो काढून टाकला. माणसाने केलेली जखम माणसाच्याच सर्व विद्येला भरून काढता आली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात केरळच्या पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण स्फोटके भरलेले फळ खाऊन जबड्याला भयंकर जखमा घेऊन फिरली. अखेर नदीच्या पाण्यात उभ्या-उभ्या तिने प्राण सोडला. असे सुरुंग सहसा रानडुकरांसाठी पेरले जातात. कुंपणाच्या तारेत सोडलेला विजेचा प्रवाह असाच आंधळा असतो. त्या तारेला डुक्कर चिकटेल, बिबट्या चिकटेल, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजाऱ्याचा मुलगाही चिकटेल. दशरथाच्या शब्दवेधी बाणात आणि या तारेत फरक एवढाच, की तार लावणारा घरी झोपलेला असतो.

आणि महामार्ग? रात्री भरधाव गाडीपुढे चितळ, कोल्हा किंवा बिबट्या येतो. धडक बसते. चालक आरशात पाहतो, काहीतरी फरफटत रस्त्याकडेच्या झुडपात जाताना दिसते, आणि गाडी पुढे निघते. चंपावतच्या वाघिणीवर गोळी झाडून घरी गेलेल्या त्या अनामिक माणसापेक्षा हा चालक कितीसा वेगळा?

आपल्याला काय करता येईल?

सामान्य माणसाने जखमी वन्यप्राण्याचा माग काढायचा नसतो आणि त्याला मारायचेही नसते. कायद्याने ते काम वन विभागाचे आहे. आपले काम एवढेच, की खबर वेळेवर पोचवायची. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. इतर राज्यांत जवळचे वन कार्यालय किंवा पोलीस ठाणे गाठावे. प्राणी नेमका कुठे दिसला, कोणत्या बाजूला गेला, कशाने जखमी झाला, हे सांगावे. आपल्याच गाडीची धडक असेल, तर तेही सांगावे. संकोचाने गप्प राहिल्यास पुढच्या वाटसरूचा जीव धोक्यात येतो.

तोवर गर्दी करू नये. फोटो काढायला जवळ जाऊ नये. जखमी बिबट्या मेल्यासारखा पडलेला दिसला, तरी एका क्षणात उसळू शकतो. तोंडात पाणी ओतणे, अंगावर पोते टाकणे, काठीने ढोसून पाहणे, हे सारे टाळावे. लांब उभे राहावे, मुलांना आणि कुत्र्यांना आवरावे, रस्ता मोकळा ठेवावा आणि माणसे येईपर्यंत जागा सोडू नये. सुट्टीत आडरस्त्याने जाताना तारेचा फास दिसला तर तोही कळवावा. एका फाशाशेजारी बहुधा आणखी दहा असतात.

शेतकऱ्यांसाठी सौरऊर्जेचे झटका कुंपण हा पर्याय आहे. त्याचा धक्का क्षणभराचा असतो; जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. राखणीचा खर्च, नुकसानभरपाईला होणारा उशीर या शेतकऱ्याच्या तक्रारी रास्त आहेत, आणि त्या सुटल्या नाहीत तर नुसत्या उपदेशाने चोरट्या तारा निघणार नाहीत, हेही खरेच.

शिकार करावी की करू नये, यावर शतकानुशतके वाद झाले. पण शिकारीच्या बाजूने असलेले आणि विरुद्ध असलेले, दोघेही एका गोष्टीवर कधी भांडले नाहीत. आपल्या हातून जी जखम झाली, तिच्यामागे आपण जायचे. कुमाऊँच्या लोकांनी ‘कार्पेटसाहेब’ म्हणून ज्यांना आपले मानले, ते त्यांच्या नेमबाजीमुळे नव्हे. नेम चुकल्यावरही, सुजलेल्या डोक्याने आणि अर्ध्या दृष्टीने, ते रानात मागे राहिले म्हणून.